वर्तुळ खोटे बोलू देत नाही

दहावीच्या वर्गात प्रकाशाच्या वक्रीभवनाचा एक प्रयोग असतो. कागदावर काचेची चीप ठेवायची, एका बाजूला दोन टाचण्या टोचायच्या, दुसऱ्या बाजूने पाहून त्यांच्या रेषेत आणखी दोन टोचायच्या, रेषा काढायच्या आणि कोनमापकाने आपाती कोन व निर्गत कोन मोजायचे. दोन्ही कोन सारखे यावेत अशी अपेक्षा असते. आता एखाद्या वर्गाची चाळीस जर्नले एकत्र घेऊन बसा. बऱ्याच शाळांत काय दिसेल? ३० अंशांना ३०, ४५ ला ४५, ६० ला ६०. चाळीसही जणांचे कोन तंतोतंत जुळलेले!

हे पाहून शिक्षकांना आनंद व्हावा की काळजी वाटावी? मला काळजी वाटते. का, ते सांगतो.

आधी थोडा हिशेब करू. आपल्या कंपासपेटीतील कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटीमीटर असते. त्या त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर. त्याचे ३६० भाग केले की एका अंशाच्या वाट्याला ०.८७ मिलिमीटर येतात. शिसपेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि टाचणीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे या साधनांनी मनापासून मोजले, तर अंशा-दोन अंशांचा फरक पडायलाच हवा. एखाद्याला ४५ च्या जागी ४४ मिळतील, दुसऱ्याला ४६, तिसऱ्याला साडेपंचेचाळीस. चाळीसही जणांना नेमके ४५ मिळाले असतील, तर मोजमाप झालेलेच नाही. पुस्तकातले उत्तर आधी पाहून निरीक्षणे मागाहून लिहिली गेली आहेत.

यात मुलांना दोष देऊन चालणार नाही. उत्तर चुकले की गुण जातात, हे ती रोज पाहतात. पण या सवयीच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. अचूक मोजमाप म्हणजे ज्यात चूक मुळीच नाही असे मोजमाप, असे आपण धरून चालतो. वस्तू नेमकी फिरवणारी आणि हव्या त्या कोनात आणून थांबवणारी यंत्रे माणसाने कशी घडवली, याची हकीकत वाचली, तर ही समजूत टिकत नाही. त्या कारागिरांचे सारे कौशल्य आपली चूक शोधण्यात, ती मोजण्यात आणि वाटून टाकण्यात होते.

कोनमापकावर खुणा कोणी केल्या?

कोनमापक हातात घेतला की त्यावरच्या रेघा आपण खऱ्या मानतो. पण जगातला पहिला चांगला कोनमापक करणाऱ्याजवळ पाहून उतरवायला दुसरा कोनमापक नव्हता. त्याच्याजवळ होता फक्त कंपास. कंपासने काय करता येते, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. त्रिज्येएवढे अंतर घेऊन परिघावर खूण केली की ६० अंश मिळतात. कोणताही कोन दुभागता येतो. ६० चे ३०, ३० चे १५, १५ चे साडेसात. पण पुढे दुभागत कितीही गेलो, तरी एक अंश काही हाती लागत नाही.

इंग्लंडमधील जॉर्ज ग्रॅहॅम याने १७२५ साली ग्रिनिचच्या वेधशाळेसाठी ८ फूट त्रिज्येचे एक भिंतीवरचे यंत्र केले. त्याचा आकार वर्तुळाच्या चतुर्थांशाचा होता. त्यावर त्याने दोन वेगवेगळ्या मापपट्ट्या कोरल्या. एकीवर काटकोनाचे ९० भाग होते, तर दुसरीवर ९६. हे ९६ कशासाठी? काटकोनाचे तीन भाग कंपासने सहज होतात. मग प्रत्येक भाग पाच वेळा दुभागत गेले की ३ × ३२ म्हणजे ९६ भाग मिळतात. या पट्टीत अंदाजाला कोठेही जागा नव्हती. ९० च्या पट्टीवरचे वाचन ९६ च्या पट्टीवरच्या वाचनाशी ताडून पाहिले की चूक कोठे आहे ते उघड होई. कारागिराने आपल्याच कामावर पहारा बसवला होता, असे म्हणा ना!

याच सुमारास आपल्याकडे सवाई जयसिंह याच प्रश्नाशी झुंजत होते. पितळेच्या यंत्रांवर त्यांचा विश्वास बसेना. ती लहान असतात, त्यांवर बारीक खुणा मावत नाहीत, त्यांचे आस झिजतात आणि वर्तुळांचे मध्य जागचे हलतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्तच होती. म्हणून त्यांनी फिरणारा भागच काढून टाकला आणि चुना-दगडांची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली चापावरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, आणि ते डोळ्यांना दिसते. पण सूर्य हा बिंदू नाही. त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे एवढ्या अंतरावर सावलीची कड धूसर होते, आणि ही धूसर पट्टी दहा-बारा सेंटीमीटरहूनही रुंद पडते. यंत्र मोठे केल्याने खुणा मोठ्या झाल्या, पण ज्याचे माप घ्यायचे त्याची कडच पुसट झाली. आस झिजतो म्हणून आस टाळणे हा एक मार्ग झाला. आस आणि चाक यांची चूकच आटोक्यात आणणे हा दुसरा मार्ग होता, आणि तो अजून सापडायचा होता.

रॅम्सडेनचे चाक

तो मार्ग लंडनच्या जेसी रॅम्सडेन याने दाखवला. त्या काळी खलाशी चंद्र आणि तारा यांमधील कोन मोजून आपले रेखांश काढीत. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो, म्हणजे एक कला सरकायला त्याला दोन मिनिटे लागतात. (एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला.) दोन मिनिटांत पृथ्वी अर्धा अंश फिरते. तेव्हा कोनात एका कलेची चूक झाली की रेखांशात अर्ध्या अंशाची चूक होई. विषुववृत्तापाशी हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर भरते. खडकाळ किनाऱ्याजवळ रात्री एवढी चूक म्हणजे जहाजाचा आणि माणसांचा घात. खलाशांच्या यंत्रांवर हाताने खुणा करण्याचे काम वेळखाऊ होते आणि फार थोड्या कारागिरांना ते नीट साधे.

रॅम्सडेनने १७७५ च्या सुमारास खुणा करणारे यंत्रच तयार केले. त्यात ४५ इंच व्यासाचे एक आडवे चाक होते आणि त्याच्या कडेवर २१६० दात. या दातांत एक मळसूत्र अडकवलेले होते. मळसूत्राचा एक फेरा झाला की चाक एका दाताने पुढे सरके. ३६० अंशांना २१६० दात, म्हणजे एका अंशाला सहा दात. मळसूत्राचे सहा फेरे केले की चाक एक अंश फिरणार, आणि एका फेऱ्याला १० कला. मळसूत्राच्या डोक्यावर पुन्हा ६० भागांची तबकडी होती. तिचा एक भाग म्हणजे १० विकला. चाकाच्या कडेवर १० विकलांचे अंतर मिलिमीटरच्या तीन शतांशांहूनही कमी भरते, पण हात फिरवणाऱ्याला मात्र ते तबकडीवर ऐसपैस दिसते. ज्या यंत्रावर खुणा करायच्या ते चाकावर ठेवायचे, मळसूत्र फिरवायचे, रेघ मारायची आणि पुन्हा फिरवायचे.

आता खरा प्रश्न असा की, ते २१६० दात सारखे कसे झाले? रॅम्सडेनने वर्तुळाचे आधी पाच भाग केले. प्रत्येकाचे तीन केले. मग ते चार वेळा दुभागले. ५ × ३ × १६ म्हणजे २४० भाग झाले. प्रत्येक भागात नऊ दात बसायला हवे होते. दात पाडत जाताना नऊ फेरे झाले की तो थांबे आणि खूण नेमकी ठिकाणावर येते का ते पाही. चूक साठू लागली की ती लगेच दिसे.

इंग्लंडच्या रेखांश मंडळाने या कामासाठी त्याला ६१५ पौंड दिले आणि अट घातली की, त्याने ही कला इतर कारागिरांनाही शिकवावी. १७७७ साली त्याच्या यंत्राचे सविस्तर वर्णन छापून प्रसिद्ध झाले. ते यंत्र आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

स्वतःची तपासणी स्वतः

या साऱ्यात वर्तुळाचा एक गुण कामी येतो, तो सरळ रेषेत नाही. मीटरची पट्टी तपासायची तर दुसरी खात्रीची पट्टी लागते. वर्तुळाला दुसरे वर्तुळ लागत नाही. त्याचे सारे भाग मिळून ३६० अंशच व्हायला हवेत, ना कमी ना जास्त. फिरून सुरुवातीच्या बिंदूवर आलो की हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. जुळला नाही तर किती चुकला, तेही समोर दिसते.

हे करून पाहा. २० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्याचे सात समान भाग करा. कंपास आणि पट्टी यांच्या रचनेने सात भाग नेमके होत नाहीत, हे गणिताने सिद्ध झाले आहे. तेव्हा अंदाजच करायचा. ताठ कागदाच्या पट्टीवर १७ सेंटीमीटर अंतर घ्या आणि ते परिघावर सात वेळा मांडत जा. सुरुवातीच्या बिंदूपासून तुम्ही पावणेतीन सेंटीमीटर अलीकडेच राहाल. वाईट वाटून घेऊ नका, हीच तर कामाची माहिती आहे. ही तूट सात पावलांची मिळून आहे, तेव्हा एका पावलाची सुमारे ४ मिलिमीटर. आता १७.४ सेंटीमीटर घेऊन पुन्हा चला. या वेळी साडेतीन मिलिमीटर पुढे जाल. त्याचा सातवा भाग अर्धा मिलिमीटर. १७.३५ घेऊन तिसऱ्यांदा चला. आता फरक पेन्सिलीच्या रेघेत लपून जाईल. साधन तेच, हात तोच आणि डोळाही तोच. पहिल्या खेपेची चूक लपवली असती, तर तिसरी खेप कधीच साधली नसती.

हेच काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला विद्यार्थी मिलिंग यंत्रावर 'डिव्हायडिंग हेड' लावून करतो. त्यात मळसूत्र आणि ४० दातांचे चाक असते. दांडा ४० वेळा फिरवला की काम एकदा फिरते. सात दात पाडायचे तर प्रत्येक दाताला ४० भागिले ७, म्हणजे ५ पूर्ण फेरे आणि ५/७ फेरा. २१ भोकांच्या वर्तुळावर ५/७ म्हणजे १५ भोके. नवखा मुलगा खुंटी ज्या भोकात आहे तेही मोजतो आणि १४ च भोके पुढे जातो. दर दाताला अर्ध्या अंशाहूनही कमी चूक होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पण सातव्या दाताशी पोचला की शेवटची जागा बाकीच्यांपेक्षा ३ अंशांनी मोठी उरते. वर्तुळाने चोरी पकडली! तेथे जर्नलमध्ये उत्तर लिहून भागत नाही.

दोरी तुटली तेव्हा

भारताची मोजणी करणाऱ्यांनाही हा धडा गिरवावा लागला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून मोठे काम सुरू केले. त्यांच्या थिओडोलाइटचे आडवे वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते आणि यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर ते दोरांनी चढवत असताना एक दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा आकारात आणले.

असे वर्तुळ पूर्वीइतके निर्दोष होणार नाही, हे उघड आहे. मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा? मोजणी खात्यात यासाठी एक पद्धत रूढ झाली. कोन एकदाच मोजायचा नाही. शून्याची जागा बदलून, वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर तोच कोन पुन्हा पुन्हा वाचायचा आणि सरासरी घ्यायची. एका ठिकाणच्या खुणा जितक्या विरळ, तितक्या दुसरीकडे दाट असणारच, कारण बेरीज ३६० ठरलेली आहे. चुका एकमेकींना खोडून काढतात. मात्र प्रत्येक वाचन जसे आले तसे वहीत उतरवायला हवे. 'हे जुळत नाही' म्हणून एखादे बदलले, तर सारी पद्धतच कोसळते.

पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात ही यंत्रे राखण्याचे काम हेन्री बॅरो या इंग्रज कारागिरानंतर अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आले. ते आधी मद्रासला एका जवाहिऱ्याच्या पेढीत काम करीत. हिमालयाच्या उंचीचा विषय निघाला की आपल्याला एव्हरेस्ट आठवतात. ज्यांच्या हातांनी ती वर्तुळे ठीकठाक राहिली, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. डोक्याचे काम ते विज्ञान आणि हाताचे काम ती मजुरी, ही आपली जुनी वाटणी आहे. जर्नलात उतरवलेला ४५ अंश हे तिचेच फळ आहे, असे मला वाटते. हाताने मोजण्यापेक्षा उत्तर माहीत असण्याला आपण मोठे मानतो.

आता हे कशाला हवे?

कोणी म्हणेल, आता संगणक आला, स्टेपर मोटर आली. या जुन्या गोष्टींचे काय काम? पण नेहमीची स्टेपर मोटरसुद्धा एका फेऱ्याला २०० पावले टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. आस किती फिरला हे सांगणाऱ्या एनकोडरच्या आतही बहुधा बारीक रेघांची एक तबकडीच असते. रेघा मारणारा हात बदलला, पण प्रश्न तोच राहिला.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच घ्या. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दातांच्या चाकांत थोडी मोकळीक असतेच. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. सायकलचे पेडल उलटे फिरवून पुन्हा पुढे दाबताना सुरुवातीला जो रिकामा झटका बसतो, तसाच हा प्रकार. अशी मोकळीक राहिली तर वाऱ्याने अँटेना डुलेल. तेथील अभियंत्यांनी मोकळीक नाहीच असे गृहीत धरले नाही. प्रत्येक आसाला त्यांनी दोन मोटरी लावल्या आणि त्या एकमेकींविरुद्ध किंचित ओढत राहतील अशी योजना केली. त्यामुळे दात कायम ताणलेले राहतात. चूक मान्य केली, म्हणून तिच्यावर उपाय सापडला.

शिक्षकांना माझी विनंती अशी आहे. प्रयोगाला गुण देताना उत्तर पुस्तकाशी जुळते का, हे पाहू नका. निरीक्षणे तीन-चार वेळा घेतली आहेत का, त्यांत किती फरक पडला, आणि विद्यार्थ्याला त्याचे कारण सांगता येते का, हे पाहा. जर्नलमध्ये 'माझी चूक किती?' असा एक रकाना आखून घ्या. तो रिकामा असेल तर गुण कापा, आणि त्यात प्रामाणिक आकडा असेल तर द्या. वर्षातून एकदा मुलांना जवळच्या प्रशिक्षण संस्थेत नेऊन डिव्हायडिंग हेडचा दांडा त्यांच्या हाती द्या. पैसा नाही, वेळ नाही ही अडचण मला ठाऊक आहे. पण सात भागांच्या वर्तुळाला एक कागद आणि एक तासिका पुरते, आणि नव्या रकान्याला तर फक्त एक रेघ.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी काचेच्या चिपेतून टाचण्या पाहून कोन मोजाल आणि आपाती कोन ४५, निर्गत कोन ४३ आला, तर ४३ च लिहा. खाली लिहा की टाचण्या एकमेकींच्या फार जवळ टोचल्या गेल्या होत्या. मग त्या लांब टोचून पुन्हा मोजा. ४४ आला तर ४४ लिहा. ग्रॅहॅम, रॅम्सडेन आणि मीर मोहसीन हुसेन यांनी आयुष्यभर हेच केले.